दर कुणाचा, ते आधी विचार: अभिक्रियेचा वेग आणि समीकरणातले सहगुणक

परळहून आलेला बारावीचा प्रश्न थोडक्यात असा. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या २ मोलांपासून नायट्रोजन डायॉक्साइडचे ४ मोल आणि ऑक्सिजनचा १ मोल मिळतो. अभिक्रिया फर्स्ट ऑर्डर (दर संहतीच्या पहिल्या घातावर), दरस्थिरांक के = ०.०००५ प्रति सेकंद, सुरुवातीची संहती (कॉन्सन्ट्रेशन) ०.४ मोल प्रति लिटर. अर्धायुष्य, म्हणजे पेंटॉक्साइड निम्मा व्हायला लागणारा वेळ, किती, आणि सुरुवातीला ऑक्सिजन किती वेगाने तयार होईल? क्लासच्या नोट्समध्ये अर्धायुष्य ६९३ सेकंद आहे, मैत्रिणीच्या पुस्तकात १३८६. शिवाय सहगुणकाने, म्हणजे समीकरणात पदार्थापुढे असलेल्या आकड्याने, भागायचं की गुणायचं याचा दर वेळी गोंधळ होतो. आणि समतोलाच्या धड्यात सहगुणक घात म्हणून चढतात, ते दराच्या सूत्रात का चढत नाहीत, हेही विचारलं आहे.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बरीच वर्षं प्रोसेस डेव्हलपमेंटचं काम केलं आहे, त्यामुळे उत्तर पेपरपुरतं थांबणार नाही. रिअॅक्टरपाशी हाच गोंधळ जास्त महाग पडतो.

आधी आकड्यांचं भांडण मिटवू. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, कारण के कुणाच्या दराचा आहे हे प्रश्नात लिहिलेलंच नाही. पेंटॉक्साइड संपण्याचा दर = के × संहती असं धरलं, तर अर्धायुष्य ०.६९३ भागिले के, म्हणजे १३८६ सेकंद. अभिक्रियेचा दर = के × संहती असं धरलं, तर पेंटॉक्साइड त्याच्या दुप्पट वेगाने संपतो, भाजकात २के येतं आणि उत्तर ६९३ सेकंद. फ्लास्कमधल्या पेंटॉक्साइडला मात्र एकच अर्धायुष्य असतं. एका व्याख्येतला के दुसऱ्या व्याख्येतल्या के-च्या बरोबर दुप्पट असतो, म्हणून प्रत्येकाने आपापला के आपापल्या सूत्रात घातला की दोघांचं उत्तर एकच येतं. भांडण होतं ते एकाचा के दुसऱ्याच्या सूत्रात घातल्यावर.

आता भागायचं की गुणायचं. स्टेशनबाहेरची पावभाजीची गाडी घे. एका प्लेटला एक वाटी भाजी आणि दोन पाव. तासाला ३० प्लेट जात असतील तर तासाला ६० पाव संपतात. पाव मोजून प्लेटचा दर काढायचा तर ६० ला २ ने भागायचं. प्लेटचा दर माहीत असेल आणि पावाचा हवा असेल तर गुणायचं. प्लेटचा दर म्हणजे अभिक्रियेचा दर, पावाचा दर म्हणजे एका पदार्थाचा दर. पदार्थाकडून अभिक्रियेकडे जाताना भागाकार, अभिक्रियेकडून पदार्थाकडे येताना गुणाकार. अमोनियाच्या अभिक्रियेत १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागून २ मोल अमोनिया होतो. म्हणून हायड्रोजन संपण्याच्या दराला ३ ने भाग, अमोनिया तयार होण्याच्या दराला २ ने, नायट्रोजनच्या दराला १ ने. तिन्ही उत्तरं सारखी यायला हवीत. अभिक्रियाकारकाच्या दरापुढचं ऋण चिन्ह एवढ्यासाठीच, की त्याची संहती उतरते आणि आपल्याला दर धन हवा असतो. हायड्रोजनच्या दराला ३ ने गुणून अमोनियाच्या २ पटीशी बरोबरी करणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. घाईत हात तसाच जातो. अशा वेळी स्वतःला विचार, जास्त वेगाने कोण संपतंय? हायड्रोजन. मग त्याचा मोठा आकडा लहान झाल्याशिवाय तो नायट्रोजनच्या आकड्याशी कसा जुळेल?

त्याच गाडीवर मालकाने दोन प्लेटच्या जोडीला एक ऑर्डर म्हणायचं ठरवलं, तर भट्टी तीच, गिऱ्हाईक तेच, पण ऑर्डरचा दर तासाला १५. अभिक्रियेचा दर असाच समीकरण कसं लिहिलंय त्यावर ठरतो. पेंटॉक्साइडचं समीकरण २, ४, १ असं लिही किंवा १, २, अर्धा असं लिही, दोन्ही संतुलित आहेत; पण पहिल्यातला अभिक्रियेचा दर दुसऱ्यातल्या दराच्या निम्मा. पदार्थाच्या दरावर यातल्या कशाचाच परिणाम होत नाही. म्हणून समीकरण न लिहिता नुसता ‘अभिक्रियेचा दर इतका’ असं कुणी सांगितलं तर ते अर्धं वाक्य समज. बेल्जियमच्या थिओफिल द डॉन्डर यांनी ‘अभिक्रियेची प्रगती’ मोजणारी एक राशी आणली, तिचं चिन्ह क्साय. कुठल्याही पदार्थाच्या मोलमधला बदल भागिले त्याचा सहगुणक, अभिक्रियाकारकांचे सहगुणक ऋण धरून. आयूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची दराची व्याख्या याच राशीवर उभी आहे. तिच्यात आधी मोल येतात, संहती नंतर येते, आणि हा क्रम प्रत्यक्ष कामात महत्त्वाचा ठरतो. डोसिंग (थोडंथोडं द्रावण आत सोडणं) चालू असताना रिअॅक्टरमधलं आकारमान वाढत असतं, त्यामुळे काहीच अभिक्रिया झाली नाही तरी संहती पातळ होऊन उतरते. नुसता संहतीचा आलेख बघून ‘रेट छान आहे’ म्हणणारा माणूस खरं तर सॉल्व्हंट ओतला जाण्याचा वेग सांगत असतो.

पेंटॉक्साइडबद्दल आणखी एक गोष्ट. डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ मध्ये या अभिक्रियेची मोजमापं प्रसिद्ध केली, आणि पुढे ती पाठ्यपुस्तकांचा आधार झाली. त्यांच्या आकड्यांत ४५ अंश सेल्सिअसला के ०.०००४९८ प्रति सेकंद आहे, आणि तो पेंटॉक्साइड संपण्याच्या दराचा आहे. तुझ्या प्रश्नातला ०.०००५ बहुधा तिथूनच गोल करून आलाय. तसं असेल तर ४५ अंशाला पेंटॉक्साइड निम्मा व्हायला सुमारे २३ मिनिटं लागतात, म्हणजे मैत्रिणीच्या पुस्तकाचं १३८६ सेकंद हे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे. २५ अंशाला त्यांचा के ०.००००३४६, त्यावरून अर्धायुष्य साडेपाच तासांच्या किंचित वर जातं. हाच के २के-च्या सूत्रात घातला तर पावणेतीन तास येतात, आणि ते चूक आहे. व्याख्या बदलली की के बदलावा लागतो, हे विसरून नुसतं सूत्र ‘आधुनिक’ केल्याने हे होतं.

आता घातांचा प्रश्न. यावर जरा जास्त थांबू.

समतोल स्थिरांकात सहगुणक घात म्हणून येतात ते ऊर्जेच्या हिशेबातून. अभिक्रिया कुठल्या वाटेने घडली याच्याशी त्याचा संबंध नसतो. सुरुवात आणि शेवट एवढंच पाहिलं जातं. दराला मात्र वाट महत्त्वाची असते, आणि संतुलित समीकरणात वाट लिहिलेली नसते. १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी मात्रा-क्रियेचा नियम मांडला; समतोल आणि दर बरेचदा त्यावरूनच एकमेकांना जोडून शिकवले जातात, त्यामुळे एकीकडचे घात दुसरीकडे सरकतात. पेंटॉक्साइडचा सहगुणक २, ऑर्डर १. नायट्रोजन डायॉक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेत दोघांचे सहगुणक १, पण साधारण २२५ अंशांखाली दर नायट्रोजन डायॉक्साइडच्या संहतीच्या वर्गावर चालतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा त्यात पत्ताच नसतो. ब्रोमिन आणि हायड्रोजनचं प्रकरण तर आणखी गमतीचं. बोडेनस्टाइन आणि लिंड यांनी १९०७ मध्ये दाखवलं की तिथे दीड असा घात येतो, आणि वर भाजकात तयार झालेला हायड्रोजन ब्रोमाइडही बसतो. समीकरणात हे सगळे सहगुणक १, १ आणि २ असे निरागस दिसतात.

पण मला सगळ्यात आवडतं ते उदाहरण तुमच्या प्रॅक्टिकलच्या टेबलावरच होतं. पोटॅशियम परसल्फेट, पोटॅशियम आयोडाइड, थोडं सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्च. द्रावणं एकत्र केली की बराच वेळ काही दिसत नाही आणि मग फ्लास्क एकदम निळा होतो. आत काय चाललंय ते पाहू. १ मोल परसल्फेट २ मोल आयोडाइडशी क्रिया करून १ मोल आयोडिन देतं. तयार झालेलं आयोडिन २ मोल थायोसल्फेट लगेच खातं आणि त्याचं पुन्हा २ मोल आयोडाइड करतं. थायोसल्फेट संपलं की आयोडिन मोकळं राहतं आणि स्टार्च निळा होतो. समज, मिश्रणात थायोसल्फेट ०.००२ मोल प्रति लिटर होतं आणि रंग ८० व्या सेकंदाला आला. दोन थायोसल्फेटमागे एक आयोडिन, म्हणजे तेवढ्या वेळात आयोडिन ०.००१ मोल प्रति लिटर तयार झालं. अभिक्रियेचा सरासरी दर ०.००१ भागिले ८०, म्हणजे ०.००००१२५ मोल प्रति लिटर प्रति सेकंद. इथला २ दुसऱ्या, झटपट होणाऱ्या अभिक्रियेतून आला आहे, पहिल्या अभिक्रियेतल्या आयोडाइडपुढच्या २ शी त्याचं काही नातं नाही. जर्नल तपासताना हाच २ दोनदा वापरलेला किंवा गाळलेला सापडतो.

आता या फ्लास्कमधली आयोडाइडची संहती मोजायला घेतली तर? निळा रंग येईपर्यंत ती हलत नाही. जेवढं आयोडाइड संपतं तेवढंच परत येतं. दोन्ही समीकरणं बेरीज करून बघ: १ परसल्फेट, २ थायोसल्फेट, त्यातून २ सल्फेट आणि १ टेट्राथायोनेट. आयोडाइड दोन्ही बाजूंनी कटून गेलं, त्याचा सहगुणक शून्य. तरीही आयोडाइड दुप्पट घेतलं की निळं व्हायचा वेळ निम्मा होतो, कारण दर आयोडाइडच्या पहिल्या घातावर अवलंबून आहे. पहिल्या समीकरणात सहगुणक २, बेरजेच्या समीकरणात ०, आणि ऑर्डर १. घात समीकरणावरून वाचता येतो असं कुणी म्हणालं तर त्याला विचार, कुठल्या समीकरणावरून?

उलट थायोसल्फेट दुप्पट घेतलं तर वेळ दुप्पट होतो, पण दर तोच राहतो. तिथे सहगुणक २, ऑर्डर शून्य. व्हायव्हात हा प्रश्न मी आवर्जून विचारतो आणि बहुतेक वेळा उत्तर ‘दर निम्मा झाला’ असं येतं.

मग सहगुणकांचं आणि यंत्रणेचं, म्हणजे अभिक्रिया ज्या पायऱ्यांनी घडते त्यांचं, काहीच नातं नसतं का? असतं, पण आडवाटेने. पेंटॉक्साइडची यंत्रणा ऑग यांनी १९४७ मध्ये सुचवली. पेंटॉक्साइड फुटून नायट्रोजन डायॉक्साइड आणि नायट्रेट मूलक होतात, हे उलटसुलट चालू असतं. कधीतरी हे दोघे भेटून नायट्रिक ऑक्साइड, ऑक्सिजन आणि नायट्रोजन डायॉक्साइड देतात. ही पायरी सावकाश चालते. सुटलेला नायट्रिक ऑक्साइड दुसऱ्या एका पेंटॉक्साइडला झटकन गाठतो आणि संपवतो. सावकाश पायरी एकदा घडली की एकूण दोन पेंटॉक्साइड जातात आणि एक ऑक्सिजन येतो. म्हणजे २, ४, १ या समीकरणाचा दर हा त्या सावकाश पायरीचाच दर आहे.

वायूंची अभिक्रिया बंद भांड्यात असेल तर आपण बहुतेक वेळा एकूण दाबच मोजतो. २ पासून ५ मोल होतात, म्हणून प्रगती क्ष झाली की पेंटॉक्साइडचा दाब २क्ष ने उतरतो आणि एकूण दाब ३क्ष ने चढतो. पाऱ्याच्या १०० मिलिमीटरपासून सुरू होऊन दाब १६० झाला, तर क्ष २० आणि उरलेला पेंटॉक्साइड ६० मिलिमीटर. ‘दाब ६० ने वाढला, म्हणून ४० उरला’ ही चूक एमसीक्यूच्या पर्यायांत मुद्दाम पेरलेली असते. सगळं संपल्यावर दाब २५० ला जायला हवा. प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, कारण काही नायट्रोजन डायॉक्साइड जोडीने एकत्र येऊन टेट्रॉक्साइड होतो. डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनाही हे गणितात धरावं लागलं होतं.

आता कारखान्यात काय होतं ते. ‘प्रत्येकाचा दर भागिले सहगुणक, सगळे सारखे’ हे सूत्र एका अटीवर चालतं: मधल्या टप्प्यातलं काही साठून राहता कामा नये. पुस्तकात ही अट बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच. नायट्रोबेंझीनचं हायड्रोजनेशन घे. १ मोलला ३ मोल हायड्रोजन, त्यातून १ मोल अॅनिलिन आणि २ मोल पाणी. ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या बंद भांड्यावर) ऑपरेटर हायड्रोजनचा अपटेक, म्हणजे किती हायड्रोजन शोषला गेला ते, मोजत असतो, आणि अपटेकला ३ ने भागून अॅनिलिन किती झालं ते शीटवर लिहायचा मोह सगळ्यांना होतो. पण पहिला मोल हायड्रोजन नायट्रोसोबेंझीन देतो, दुसऱ्याला फेनिलहायड्रॉक्सिलअमिन होतं, तिसऱ्याला कुठे अॅनिलिन. थिअरीच्या दोन तृतीयांश अपटेक दिसतोय याचे दोन अर्थ निघतात. दोन तृतीयांश नायट्रोचं अॅनिलिन झालं आणि बाकीचं नायट्रो तसंच आहे, हा एक. किंवा सगळं नायट्रो संपून सगळा माल हायड्रॉक्सिलअमिनवर अडकला आहे. मीटरवरचा आकडा दोन्हीकडे तोच. दुसरी परिस्थिती धोकादायक, कारण हायड्रॉक्सिलअमिन तापल्यावर स्वतःच जोरात विघटन पावतं. उत्प्रेरक थकला असेल तर नेमकं हेच व्हायची शक्यता वाढते. म्हणून अपटेक मंदावला की आधी सॅम्पल काढून एचपीएलसीला (मिश्रणात कोणता पदार्थ किती ते मोजणाऱ्या यंत्राला) पाठवायचं, आणि तापमान चढवून अभिक्रिया ‘रेटायची’ नाही. जिथे पदार्थ मध्ये साठतो तिथे हायड्रोजनचा दर, नायट्रोचा दर आणि अॅनिलिनचा दर हे तीन वेगळे दर असतात आणि तिन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

दुसरं उदाहरण उष्णतेचं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाचं समीकरण आपण २, २, १ असं लिहितो: २ मोल पेरॉक्साइडपासून २ मोल पाणी आणि १ मोल ऑक्सिजन. या लिहिलेल्या समीकरणाची उष्णता सुमारे १९६ किलोज्यूल. एका मोल पेरॉक्साइडमागे ९८. बाजारात ‘१०० व्हॉल्यूम’ म्हणून मिळणारं पेरॉक्साइड साधारण ३० टक्क्यांचं. लिटरमध्ये ३०० ग्रॅम, म्हणजे ८.८ मोल, त्यातून निम्मा, ४.४ मोल ऑक्सिजन, गुणिले २२.४ (एका मोल वायूचे लिटर) केलं की ९९ लिटर. बाटलीवरचे १०० व्हॉल्यूम ते हेच, आणि त्यात तो अर्धा आधीच धरलेला आहे. एका लिटरमधून सुटणारी उष्णता ८६० किलोज्यूलच्या घरात जाते. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ३१४ पुरतात. आता दर ‘अभिक्रियेचा’ घेतला आणि उष्णता ‘मोल पेरॉक्साइडची’ घेतली, तर जॅकेटला (रिअॅक्टरभोवतीच्या थंड करणाऱ्या कवचाला) काढायची उष्णता कागदावर निम्मीच दिसते. दर पेरॉक्साइडचा आणि उष्णता समीकरणाची घेतली तर दुप्पट. दुप्पट निघाली तर मोठा चिलर विकत घेतला जाईल, एवढंच नुकसान. निम्मी निघाली तर व्हेंटची (वायू बाहेर सोडणारी) लाइनही तशाच हिशेबाने बारीक निघते. माझ्या हाताखालच्या मुलांना मी एकच सक्ती केली होती: दराच्या प्रत्येक आकड्यापुढे एककाआधी पदार्थाचं नाव. ‘मोल प्रति लिटर प्रति सेकंद’ असं नुसतं चालणार नाही, मोल कशाचे?

पेपरात तू काय लिहायचं? पहिल्या ओळीत व्याख्या. ‘अभिक्रियेचा दर = −½ × पेंटॉक्साइडच्या संहतीच्या बदलाचा दर = के × संहती’ असं लिहिलंस तर अर्धायुष्य ६९३ सेकंद; सुरुवातीला अभिक्रियेचा दर ०.०००२ मोल प्रति लिटर प्रति सेकंद, पेंटॉक्साइड ०.०००४ ने संपतो, नायट्रोजन डायॉक्साइड ०.०००८ ने आणि ऑक्सिजन ०.०००२ ने तयार होतो. के पेंटॉक्साइड संपण्याचा आहे असं प्रश्नात स्पष्ट असेल, किंवा आकडा प्रयोगातल्या संहती-वेळेच्या तक्त्यावरून फर्स्ट ऑर्डरच्या नेहमीच्या सूत्राने काढलेला असेल, तर अर्धायुष्य १३८६ सेकंद; पेंटॉक्साइड ०.०००२ ने संपतो, नायट्रोजन डायॉक्साइड ०.०००४ आणि ऑक्सिजन ०.०००१. लेखी पेपरात व्याख्या लिहिलेली असली की तपासणाऱ्याला तुझी वाट दिसते. एमसीक्यूत ती सोय नाही. तिथे प्रश्नात ‘रेट ऑफ रिअॅक्शन’ म्हटलंय की ‘रेट ऑफ डिसअपिअरन्स’, ते बघ, आणि ऑक्सिजनच्या पर्यायांत ०.०००१ आणि ०.०००२ दोन्ही दिसले तर घाई न करता प्रश्न पुन्हा एकदा वाच.